तळघरातली स्ट्राँगरूम : भिंत कशाची घालायची?

प्रश्न : सर, घराचं काम सध्या फुटिंगपर्यंत (पायापर्यंत) आलंय. तळघराच्या एका कोपऱ्यात साधारण ३ बाय ३.५ मीटरची स्ट्राँगरूम काढायचीय, आत कागदपत्रं, दागिने, जुने अल्बम आणि हार्ड डिस्क ठेवायच्यात. ठेकेदार म्हणतो एएसी ब्लॉकची (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंट ब्लॉकची) भिंत घाला आणि आतून पत्रा मारा, झालं काम. मेव्हणा म्हणतो विटांची दुहेरी भिंत घाल. मुलगा म्हणतो शिपिंग कंटेनरच पुरून टाकू. तिघांचं ऐकून डोकं फिरलंय, भिंत नेमकी कशाची करू?

उत्तर : तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका. तुमचं काम अजून फुटिंगला आहे हे तुमचं नशीब समजा, कारण आरसीसीची, म्हणजे आत सळई घालून काँक्रीटची ओतीव भिंत करायची तर ती वेळ आत्ताच आहे, एकदा वरचा स्लॅब पडला की मग नुसती तडजोड उरते.

आधी तिघांचे पर्याय बघू. एएसी ब्लॉक मला स्वतःला फार आवडतो, हलका आहे, उष्णता अडवतो, काम भराभर होतं. पण तो हलका का आहे बघा ना. काँक्रीटचं वजन घनमीटरला २४०० किलोच्या आसपास, एएसीचं ५५० ते ६५०, म्हणजे आत निम्म्याहून जास्त हवाच भरलेली. गवंडी तो हातकरवतीने कापतो, तुम्ही साइटवर बघितलंच असेल. जी वस्तू गवंडी दुपारच्या सुट्टीआधी करवतीने कापून मोकळा होतो तिच्यामागे दागिने ठेवायचे म्हणजे काय! आतून मारलेला पत्रा १-२ मिमीचा असणार, त्याने फक्त आवाज वाढतो.

विटांची दुहेरी भिंत दिसायला भक्कम वाटते पण वीट एकेक सुटते. मोर्टार हा विटेपेक्षा कच्चा असतो, छन्नीने दोन विटा काढल्या की बाकीच्या आपोआप ढिल्या होतात, भिंत कितीही जाड असो ती तुकड्यांचीच बनलेली. त्यात सळई नाही, आणि तळघरात बाहेरून मातीचा दाब असतो तो विटांच्या भिंतीला अजिबात सोसत नाही, पोट फुगवून बसते.

कंटेनरचं खूळ इंटरनेटवरून आलंय हे मला माहितीये, दर महिन्याला एक तरी पत्र येतंच. कंटेनर जहाजावर एकावर एक रचतात तेव्हा सगळं वजन चार कोपऱ्यांच्या खांबांवर जातं, बाजूचा नागमोडी पत्रा २ मिमीसुद्धा नसतो. माती बाजूने दाबते, आणि त्या दाबासाठी तो बनवलेलाच नाही. पुरलेले कंटेनर आत वाकतात, गंजतात. मुलाला सांगा बागेत अवजारं ठेवायला घेऊया.

आता ओतीव भिंत. २०० मिमी जाडी ही तुमच्या कामाला किमान धरा, २५० जमलं तर उत्तम. काँक्रीट एम३० घ्या, म्हणजे २८ दिवसांनी ३० मेगापास्कलची ताकद यायला हवी. सळई १२ मिमी, उभी आणि आडवी, दोन्ही तोंडांना जाळी आणि अंतर १०० ते १५० मिमी. यात एक युक्ती आहे, आतली आणि बाहेरची जाळी एकमेकींच्या बरोबर समोर बांधू नका, अर्ध्या चौकोनाने सरकवून बांधा. मग समोरून बघितलं की चौकोन निम्मेच दिसतात, आणि कुणी काँक्रीट फोडलंच तरी माणूस जाईल एवढी मोकळी जागा मिळायला बऱ्याच सळया कापाव्या लागतात. सळईचा खर्च थोडाही वाढत नाही, फक्त बांधणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहावं लागतं. मातीचा दाब किती, सळईचा अंतिम व्यास किती हे मात्र तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या, मी इथे बसून तुमची माती बघितलेली नाही.

अजून ताकद हवी तर काँक्रीटमध्ये स्टील फायबर टाका, घनमीटरला ३० ते ४० किलो. हे बारीक तारेचे ३० ते ६० मिमीचे तुकडे असतात. साध्या काँक्रीटला हातोडा बसला की ढलप्या उडतात, फायबर असेल तर ढलपी सुटत नाही, लोंबकळत राहते, फोडणाऱ्याचा जीव जातो. फायबर असलं म्हणून सळई कमी करू नका, तो सळईच्या जागी नाहीये.

पण हे सगळं झाल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, भिंत चोराला थांबवत नाही, त्याचा वेळ खाते. २०१५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये जी चोरी झाली ती तळघरातल्या तिजोरीखोलीतच झाली. भिंत किती होती? ५० सेंटीमीटर, सळई घातलेली. चोरांनी हिऱ्याच्या दातांचं कोअर ड्रिल लावून एकमेकांना लागून तीन भोकं पाडली आणि साधारण ४५ बाय २५ सेंटीमीटरचं खिंडार केलं, त्यातून माणूस आत गेला. तुमच्या भिंतीच्या अडीचपट जाड भिंत हो! मग भिंत फुकट गेली का? नाही. भिंत फुटल्यावर मागे लॉकरचं कपाट जमिनीला आणि छताला पक्कं केलेलं होतं, ते पहिल्या रात्री हललंच नाही, चोर रिकाम्या हाती परत गेले आणि एका दिवसाच्या खंडानंतर कपाट ढकलायच्या हायड्रॉलिक जॅकसाठी नवीन पंप घेऊन आले. अलार्मही वाजला होता, सुरक्षारक्षक आला, बाहेरून सगळं ठीक दिसलं, निघून गेला. ईस्टरच्या लागोपाठ सुट्ट्या होत्या, भिंतीने कमावून दिलेला वेळ वापरायला कुणीच नव्हतं.

म्हणून दरवाजे आणि तयार पॅनल यांच्या चाचण्या पण मिनिटांतच मोजतात. अमेरिकेच्या यूएल ६०८ या मानकात वर्ग एम म्हणजे १५ मिनिटं, वर्ग १ म्हणजे अर्धा तास, वर्ग २ एक तास, वर्ग ३ दोन तास. मिनिटं कसली? तर ठरलेली हत्यारं घेऊन ९६ चौरस इंचांचं म्हणजे सुमारे ६२० चौरस सेंटीमीटरचं भोक पाडायला लागणारी. युरोपातल्या ईएन ११४३-१ या मानकात श्रेणी आहेत, ० पासून १३ पर्यंत. तुम्हाला घरासाठी १३ वी श्रेणी नकोय. तुम्ही उलट हिशोब करा, अलार्म वाजल्यावर माणूस दारात यायला किती मिनिटं लागतात? वीस लागत असतील तर भिंतीने निदान तीस-चाळीस काढायला हव्यात, आणि अलार्म चोर आत आल्यावर नाही, भिंतीला पहिला घाव बसला की वाजायला हवा. त्यासाठी कंपन ओळखणारे सेन्सर मिळतात, भिंतीला आतून बसवायचे. जाडी आणखी १०० मिमी वाढवण्याआधी हे सेन्सर घ्या, माझं स्पष्ट मत.

आणि भिंत भिंत करताना वरचं विसरू नका. खोलीला सहा बाजू असतात. चारी बाजूंनी २०० मिमी काँक्रीट आणि डोक्यावर लाकडी फ्लोअरिंग असली खोली मी डोळ्यांनी बघितलीय, मालक भिंतीवर हात आपटून दाखवत होता आणि मी वर बघत होतो. छत पण तितकंच जाड आरसीसी हवं, भिंतीच्या सळया वाकवून स्लॅबमध्ये नेलेल्या. खालचा तळही तसाच. ब्राझीलमध्ये फोर्तालेझाला २००५ मध्ये चोरांनी सेंट्रल बँकेच्या खोलीखाली ८० मीटरच्या आसपास बोगदा खणला आणि मीटरभर जाडीचा काँक्रीटचा तळ फोडून वर आले. तुमच्या घराखाली कुणी बोगदा खणणार नाही हो, पण तळाला नुसता कोबा ठेवू नका एवढंच.

शेवटचं, दरवाजा आधी ठरवा मग भिंत ओता. लोक नेमकं उलटं करतात. दरवाजाचं वजन शेकड्याने किलो असतं, चौकटीला किती जाडीची भिंत लागते, सळई चौकटीत कशी अडकवायची, हे बनवणारा लिहून देतो. चौकट शटरिंगमध्येच (काँक्रीट ओतायच्या साच्यात) उभी करून तिच्याभोवती काँक्रीट ओतलं की ती भिंतीचाच भाग होते. नंतर भोक ठेवून फटीत मोर्टार भरलेली चौकट पहारीने पूर्ण उचकटून येते, दरवाजा कुलूपबंदच राहतो आणि चौकटीसकट बाहेर!

प्रश्न : वरच्यासारखंच माझंही काम सुरू आहे, भिंत ओतायची ठरलीय. साइटवर लक्ष कशावर ठेवू? मी इंजिनिअर नाही.

उत्तर : व्हायब्रेटरवर, म्हणजे ओलं काँक्रीट हलवून गच्च बसवणाऱ्या यंत्रावर. २०० मिमीच्या भिंतीत दोन जाळ्या बांधल्या की मध्ये जागा कमी उरते, खडी अडकते आणि शटरिंग काढल्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखं काँक्रीट दिसतं. माझ्याच एका कामावर व्हायब्रेटर मध्येच बंद पडला, दुसरा आणला नव्हता, लोकांनी बांबूने ठोकून भरलं, खालच्या अर्ध्या मीटरमध्ये पोळंच पोळं. प्लास्टर मारून झाकायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, शेवटी तेवढा पट्टा फोडून परत केला. तेव्हापासून व्हायब्रेटर दोन असल्याशिवाय मी भिंत ओतू देत नाही. खडी २० मिमीऐवजी १२ मिमी सांगा.

दुसरं, एका दमात भराभर ओतू नका. ओलं काँक्रीट पाण्यासारखं दाबतं पण अडीचपट जड, २.७ मीटर उंची एकदम भरली तर तळाशी चौरस मीटरला साडेसहा टनांच्या घरात दाब येतो, शटरिंग फुटतं. थर थर चढवा, पण खालचा थर घट्ट व्हायच्या आत पुढचा यायला हवा, नाहीतर दोन थर सांधले जात नाहीत आणि तिथून पाणी येतं. शटरिंगचे दोन पत्रे ओढून धरणारे टाय रॉड कुठल्या प्रकारचे वापरतायत ते पण बघा, प्लास्टिकच्या नळीतून आरपार जाणारे असतील तर काढल्यावर भिंतीत दर हातभर अंतरावर आरपार भोक राहतं. तळघरात आणि त्यातही स्ट्राँगरूमला हे चालणार नाही, आतच राहणारे टाय मागा. क्युरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं) किमान ७ दिवस, १० दिवस केलं तर कुणी रागावणार नाही.

प्रश्न : दादा, आमचं घर वीस वर्षं जुनं आहे. तळघर आहे, पण मिक्सरचा ट्रक आत येत नाही आणि पंपाचीही सोय नाही. तळाला १०० मिमीचं काँक्रीट आहे. काहीच करता येणार नाही का? नुसती स्टील प्लेटची खोली केली तर?

उत्तर : ताई, येतं की. पोकळ काँक्रीट ब्लॉक घ्या, २०० मिमी जाडीचे, पण ते पोकळ ठेवायचे नाहीत. नुसत्या पोकळ ब्लॉकची बाहेरची कड ३० मिमीच्या आसपास असते, मोठ्या हातोड्याचे चार घाव पुरतात. तेच ब्लॉक रचताना प्रत्येक पोकळीत उभी सळई सोडली, प्रत्येक थरावर आडवी टाकली आणि पोकळ्या पातळ काँक्रीटने गच्च भरल्या तर ओतीव भिंतीच्या बरंच जवळ जाता येतं. माल बादल्यांनी वाहून नेता येतो, शटरिंग लागत नाही, दोन गवंडी आणि दोन मजूर आठवड्याभरात उरकतात. एक पोकळी भरायची राहिली तर तीच तुमची खिडकी, म्हणून पाच-सहा थर झाले की भरत चला, पूर्ण उंची रचून मग वरून ओतू नका.

पण वजन बघा. भरीव २०० मिमी भिंत चौरस मीटरला पाचशे किलोच्या आत-बाहेर जाते, म्हणजे २.७ मीटर उंच भिंत लांबीच्या दर मीटरला १३०० किलोच्या पुढे. हे १०० मिमीच्या तळावर ठेवायचं नाही, चीर जाईल. तळ कापून खाली भिंतीपुरतं फुटिंग घालायचं, तेही घराच्या जुन्या फुटिंगच्या खाली न खणता. हा भाग इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नकोच. जुन्या बाहेरच्या भिंतीला जिथे नवी भिंत भिडेल तिथे भोकं पाडून केमिकल अँकरने (भोकात घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने) सळया बसवा, नुसतं टेकवून ठेवलं तर कोपरा हीच कमजोर जागा. वर जुनं छत कसं आहे लिहिलं नाहीत, लाकडी किंवा पातळ असेल तर खोलीला आतून स्वतःचं झाकण म्हणजे १५० मिमीचा वेगळा स्लॅब घालावा लागेल, उंची तेवढी जाईल.

स्टील प्लेटबद्दल, ६ मिमी प्लेट चौरस मीटरला ४७ किलो, म्हणजे काँक्रीटच्या एक दशांश, म्हणून मोह होतो. पण साधं स्टील ग्राइंडरने आणि गॅसने कापलं जातं, गॅस कटरमध्ये लोखंड जळतंच. काँक्रीट गॅसने कापता येत नाही, उलट हातोड्याला ते तडकतं. दोन्ही एकावर एक असले की चोराला दोन वेगळी हत्यारं बदलत बसावं लागतं, म्हणून बँकेच्या भिंती थरांच्या असतात. तेव्हा प्लेट लावायचीच तर भरलेल्या ब्लॉकच्या आतल्या बाजूला लावा, एकटी नको. तयार मॉड्युलर पॅनल हा तिसरा रस्ता, खूप उच्च ताकदीच्या काँक्रीटचे असतात, कमी जाडीत बसतात, घर बदललं तर उकलून नेता येतात, खिशाला मात्र जड.

प्रश्न : आरसीसीची भिंत आहे म्हणजे आग लागली तरी आतलं सगळं सुरक्षित ना?

उत्तर : कागद बहुतेक हो, हार्ड डिस्क नाही. २०० मिमी काँक्रीट आगीला चार तासांच्या आसपास थोपवतं असं धरतात, पण थोपवणं म्हणजे काय ते बघा. चाचणीत पलीकडच्या तोंडाचं तापमान सरासरी १३९ अंशांपेक्षा जास्त वाढलं नाही की भिंत पास. म्हणजे २५ अंशांवर सुरू झालेली भिंत आतून १६० च्या पुढे गेली तरी पास! कागदाच्या तिजोऱ्यांसाठी आतली मर्यादा १७७ अंश धरतात, तिथे जेमतेम निभावतं. डिस्कसाठी हीच मर्यादा ५२ अंश आहे. त्यात काँक्रीट तापलं की त्यातलं पाणी वाफ होऊन आतल्या थंड बाजूला येतं, अल्बमची पानं चिकटतात. तेव्हा डिस्कसाठी डेटाची श्रेणी असलेली छोटी अग्निरोधक पेटी घ्या आणि ती खोलीच्या आत ठेवा, शिवाय एक प्रत दुसऱ्या ठिकाणी.

नुसत्या पत्र्याच्या किंवा प्लेटच्या खोलीचं तर बोलूच नका, स्टील उष्णता सरळ आत सोडतं आणि ५५० अंशांच्या आसपास स्वतःची जवळपास अर्धी ताकद घालवून बसतं. आधीच प्लेटची खोली असेल तर आतून जिप्सम बोर्डचे दोन थर द्या, जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं, ते उडून जाईपर्यंत उष्णता अडते. आणि हो, आग विझवायला मारलेलं पाणी शेवटी तळघरातच येतं. सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा.

भिंती किती सहन करतात याची हौस असेल तर एक सांगतो, १९५७ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात अणुचाचणीसाठी बँकेची खरीखुरी तिजोरीखोली उभी केली होती, स्फोटात बाहेरचं काँक्रीट सोलून निघालं, सळया उघड्या पडल्या, आतली खोली टिकली. तिचा सांगाडा अजून तिथे उभा आहे.

प्रश्न : स्ट्राँगरूम झाली, भिंत मस्त झाली, पण चार महिन्यांत कागदांना कुबट वास यायला लागला आणि लोखंडी कपाटाला गंज. आतून वॉटरप्रूफ पेंट मारू का?

उत्तर : चोर दहा वर्षांत एकदा येईल न येईल, ओल रोज येते, आणि तिच्याबद्दल प्रश्न विचारणारे तुम्ही या महिन्यात एकटेच.

आधी ओल बाहेरून येतेय का आतलीच आहे ते शोधा. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवा, दोन दिवसांनी बघा. कागदाच्या मागे भिंतीकडे थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय, समोरच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा थंड भिंतीवर जमतोय. तुमचे चार महिनेच झालेत म्हणताय तर माझा पहिला संशय काँक्रीटवरच आहे. नवीन काँक्रीट एका बाजूने सुकायला २५ मिमीला महिना असा ढोबळ हिशोब आहे, तुमची २०० मिमी भिंत बाहेरून मातीला लागलेली असेल तर ती फक्त आतच सुकणार, म्हणजे आठ महिने. चार महिन्यांत सामान लावलंत आणि दार बंद केलंत. कागद आत्ता वर न्या, दार उघडं ठेवा, डीह्युमिडिफायर लावा आणि त्याची नळी बाहेर निचऱ्याला जोडा म्हणजे टाकी ओतायची विसरायला नको. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, ६० च्या वर गेली की गंज आणि बुरशी दोन्ही. सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठीक, अख्ख्या खोलीला त्या पुरत नाहीत.

पाणी बाहेरून येत असेल तर आतल्या पेंटवर पैसे घालू नका. भिंतीमागे एक मीटर पाणी साठलं तर तळाशी चौरस मीटरला टनभर दाब असतो, पेंट पोपड्यासारखा सुटून येतो. पाणी अडवणारी झिल्ली बाहेरून लावायची, तिच्याबाहेर निचऱ्याची नळी आणि खडी, आणि तळ व भिंतीच्या सांध्यात वॉटरस्टॉप, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी. जे अजून बांधतायत त्यांनी हे माती भरायच्या आधी करून घ्या. तुमच्या बाबतीत बाहेरून खणणं शक्य आहे का बघा, नसेल तर सांध्यात इंजेक्शन ग्राउटिंग (दाबाने रसायन भरणं) करणारे लोक बोलवा. कपाटं भिंतीपासून १०० मिमी पुढे घ्या, मागून हवा फिरू द्या.

प्रश्न : भिंतीत वायर, एसीचा डक्ट वगैरे न्यायला किती मोठं भोक चालेल? आणि आत कुणी अडकलं तर?

उत्तर : वायरसाठी २५ मिमीची कंड्युट (वायरची नळी), भिंत ओतायच्या आधीच ठेवायची आणि वाकवून न्यायची, सरळ आरपार नाही. डक्टचं भोक वर सांगितलेल्या ६२० चौरस सेंटीमीटरपेक्षा लहान ठेवा, मोठं लागत असेल तर एकाच्या जागी दोन-तीन लहान करा किंवा आत सळयांची जाळी ओतून घ्या. पण हवेसाठी भोक हवंच, दार घट्ट बसतं आणि खोली लहान आहे. दरवाजा आतून, किल्लीशिवाय, अंधारात चाचपडून उघडता यायला हवा, हे खरेदीच्या कागदावर लिहून घ्या आणि बसवल्यावर स्वतः आत उभं राहून करून बघा, बाहेर कुणीतरी ठेवून. काँक्रीट आणि सळईमुळे आत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा एक वायरवाला इंटरकॉम त्याच कंड्युटमधून आत घ्या.